नुसते ओठ हलव

आठवीत समूहगीताची तालीम चालू होती. गाणं मध्येच थांबलं आणि शिक्षक ओळीतून हळूहळू चालायला लागले, एकेकाच्या तोंडाशी कान नेत. माझ्यापाशी थांबले. दोन ओळी ऐकल्या, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू उभा राहा, पण नुसते ओठ हलव."

आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. आदल्या वर्षापर्यंत त्यांनीच मला पुढच्या ओळीत उभं केलं होतं, कारण वरचा सा मला न ताणता लागायचा. मधल्या उन्हाळी सुट्टीत आवाज फुटला होता, एवढंच काय ते घडलं होतं. पण हे तेव्हा मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. गाणं गेलं, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पुढची अडीच वर्षं मी ओठ हलवले. त्यातही कसब असतं. जबडा गरजेपेक्षा थोडा जास्त हलवायचा. लांब स्वर आला की भुवया वर न्यायच्या. श्वास मात्र सगळ्यांबरोबर आणि ऐकू येईल असा घ्यायचा, कारण बाजूच्याला संशय येतो तो तिथेच.

माझी आत्येबहीण एका युवा क्वायरमध्ये, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांत गाणाऱ्या वृंदात, गायची. वयाची अट चौदा ते चोवीस, शनिवारी संध्याकाळी दोन तास तालीम. अकरावीच्या सुट्टीत ती म्हणाली, "आमच्याकडे मुलगे कमी आहेत. ये ना. चाचणी नावालाच असते." ही निव्वळ थाप होती, पण ते नंतर कळलं. अर्ज एका पानाचा होता. अठराच्या आतल्यांसाठी पालकांची सही, कधीपासून गाता, नोटेशन, म्हणजे कागदावरचे स्वर, वाचता येतं का, आणि खाली आवाजाच्या उंचीप्रमाणे, वरून खाली, चार चौकोन : सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. त्यांच्या शेजारी पाचवा चौकोन होता, 'माहीत नाही'. मी तिथे खूण केली आणि एकदम हलकं वाटलं. अर्जावर 'माहीत नाही' असं उत्तर छापलेलं मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

चाचणी घेणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. खोलीत एक पियानो, दोन खुर्च्या आणि दार बंद. मी एक गाणं पाठ करून गेलो होतो. ते त्यांनी ऐकलंच नाही. म्हणाल्या, "गाणं नंतर. आधी बोल जरा. काल दिवसभरात काय केलंस ते सांग." मी सांगत होतो आणि त्या एका बोटाने पियानोवर माझ्या बोलण्याचा सूर शोधत होत्या. सापडला तेव्हा तीच पट्टी त्यांनी दोनदा वाजवली. "हा तुझा बोलण्याचा सूर. इथून सुरू करू."

मग 'म्म्म'. ओठ मिटून, त्या सुरावरून एकेक पायरी खाली. मग रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखं खालून वर, वरून खाली, कुठेही न थांबता. मध्ये एका जागी आवाज तुटला आणि पलीकडे बारीक होऊन निघाला. मी थांबलो. त्या थांबल्या नाहीत. "तुटू दे. कुठे तुटतो तेच मला बघायचंय." मग त्यांनी तीन स्वर वाजवले, मी म्हटले. मग चार. मग दोन स्वर एकदम वाजवून म्हणाल्या, खालचा म्हण. तो जमला. तीन एकदम वाजवून मधला म्हण म्हणाल्या, तो नाही जमला. माझ्या मते मी वरचा म्हटला. त्यांच्या मते तिन्हींपैकी एकही नव्हता.

शेवटची परीक्षा मला आजही सगळ्यांत हुशारीची वाटते. त्या म्हणाल्या, एक सूर धर आणि सोडू नकोस. मी धरला. मग त्यांनी स्वतः वेगळा सूर लावला, मग आणखी वेगळा, माझ्या अगदी जवळचा, कानाला टोचणारा. माझा सूर तिकडे ओढला जातो का हे त्या बघत होत्या. दोनदा गेला. तिसऱ्यांदा मी डोळे मिटून घेतले आणि राहिला. तेवढ्यावर मला घेतलं.

वहीत लिहिताना त्या म्हणाल्या, "बेस. पण पेन्सिलीने लिहिते. तुझा आवाज अजून जागेवर बसतोय, वर्षाने परत बघू." शाळेतली गोष्ट मी त्यांना सांगणार नव्हतो, पण सांगितली गेली. त्यांनी दोन मिनिटांत उलगडा केला. या वयात मुलांचं स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि बोलण्याचा आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. मुलींचाही उतरतो, पण त्यांचा थोडाच, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. कालपर्यंत ज्या ताणावर वरचा सा लागायचा त्याच ताणावर आज भलतंच काही निघतं. स्नायूंना जुना हिशेब पाठ असतो आणि वाद्य बदललेलं असतं. "बेसूर झाला नव्हतास," त्या म्हणाल्या. "पट्टी चुकीची होती. तुला खाली गायला सांगायला हवं होतं."

अडीच वर्षांचं उत्तर इतकं साधं निघावं याचा आनंद व्हायला हवा होता. मला प्रचंड राग आला.

पहिल्या तालमीला एक फोल्डर आणि एक पेन्सिल मिळाली. पेनला सक्त बंदी. श्वासाच्या जागा, आवाजाचे चढउतार, कुठे ताईंकडे बघायचं ती चष्म्याची खूण, हे सगळं कागदावर लिहायचं आणि पुढच्या आठवड्यात त्यांचं मत बदललं की खोडायचं. तीन तालमी बसून बघा, पटलं तर रहा, असा नियम होता. राहिलात तर कार्यक्रमाआधी तीनपेक्षा जास्त गैरहजेऱ्या झाल्यावर मंचावर उभं राहता येत नाही, हा दुसरा. या दुसऱ्या नियमावरून रडारड व्हायची, दर वर्षी.

वॉर्म-अपबद्दल फार लिहीत नाही. ओठ सैल सोडून घोड्यासारखं फुर्रर्र करत सप्तक चढायचं, जांभईचं नाटक करायचं, 'स्स्स' करत बत्तीस आकडे मोजायचे. बाहेरून कुणी डोकावलं तर लाज वाटावी असा प्रकार, आणि दहा मिनिटांनी आवाज खरोखर मोकळा होतो. फुर्ररमुळे ओठांवर ताण राहत नाही आणि श्वास सारखा सोडावा लागतो, नाहीतर ओठ फडफडायचेच थांबतात. चूक स्वतःच कळते, शिक्षकाची गरज नाही. मी घरी अंघोळ करताना फक्त हेच करत असे.

आम्ही बेसमध्ये सात जण होतो. माझी खुर्ची एका दादाच्या शेजारी होती. तो तेवीस वर्षांचा, क्वायरमध्ये सहावं वर्ष, बोलायचा कमी. पहिलंच गाणं पुढे आलं आणि मी आमची ओळ शोधली. चार ओळींतली सगळ्यांत खालची. त्यात पहिले चौदा बार, म्हणजे तालाचे चौदा खंड, एकच स्वर होता. तोच सा, शब्द बदलत जाणारे. वर सोप्रानोंची चाल वळणं घेत होती, आल्टो तिच्यामागून लपंडाव खेळत होत्या, टेनरना मध्येच एक देखणी उडी होती. आमच्या वाट्याला तानपुऱ्याचं काम.

"हे असंच असतं?" मी दादाला विचारलं.

"दुसऱ्या पानावर पंचम आहे," तो म्हणाला.

नोटेशनची मला भीती होती, ती अर्धी पहिल्या महिन्यात गेली. कारण आधी आम्हाला रेघा शिकवल्याच नाहीत. हाताच्या खुणा शिकवल्या. मूठ म्हणजे 'दो' हा स्वर, वरच्या दिशेने तिरकी बोटं म्हणजे 'रे', आडवा हात म्हणजे 'मी'. इंग्लंडात जॉन कर्वेन यांनी एकोणिसाव्या शतकात ही पद्धत रुजवली, तीही सारा ग्लोव्हर या शिक्षिकेच्या पद्धतीवरून, आणि पुढे हंगेरीत संगीतकार झोल्तान कोदाय यांच्या विचाराने चालणाऱ्या शिक्षकांनी ती जगभर नेली. यातला दो आपल्या सा सारखाच सरकता आहे. गाणं कोणत्याही पट्टीत असो, घराचा स्वर दो. हे कळल्यावर मी मनातल्या मनात सगळं सारेगममध्ये म्हणायला लागलो आणि कुणाला काही फरक पडला नाही. स्वरांना अक्षरं देण्याची युक्ती तिकडेही जुनीच. अकराव्या शतकात इटलीतल्या ग्विदो द'आरेत्सो या भिक्षूने एका स्तोत्राच्या ओळींच्या पहिल्या अक्षरांवरून ती बसवली. त्याचीही अडचण आमच्यासारखीच होती : गाणाऱ्या पोरांना नवीन चाल लवकर कशी शिकवायची.

खरी अडचण वाचण्याची नव्हती, ऐकण्याची होती.

पहिले दोन महिने मी दादाच्या आवाजाला लोंबकळत होतो. तो गायचा आणि मी पाव सेकंदाने मागून. ही सवय इतकी मुरली की मला वाटायला लागलं, माझं पाठ झालंय. मग एका शनिवारी तो आला नाही. पहिल्या बारला सूर लागला, दुसऱ्याला टेनरचा सूर कानात शिरला, तिसऱ्याला मी टेनर गात होतो, आणि चौथ्याला माझ्या ओठांनी जुनं काम आपोआप सुरू केलं. आवाज बंद, जबडा चालू. भुवया वर.

ताईंनी गाणं थांबवलं नाही. संपल्यावर माझ्याकडे न बघता सगळ्यांना म्हणाल्या, "कुणाचा सूर हरवला तर गप्प राहा, चालेल. तोंड मिटा आणि ऐका. परत सापडला की या. पण हलवू नका. हलणाऱ्या तोंडाला ऐकू येत नाही." मी मान खाली घालून पेन्सिलीला टोक करत बसलो. टोक होतं.

दुसऱ्या आठवड्यात त्यांनी सगळ्या खुर्च्या भिंतीला लावल्या आणि आमचे गट मोडले. प्रत्येकाने दोन्ही बाजूंना वेगळ्या गटाचा माणूस शोधायचा. माझ्या डावीकडे एक आल्टो आली, उजवीकडे टेनर. आल्टो म्हणजे लहानपणापासून शास्त्रीय शिकलेली मुलगी, आवाज काय सुंदर, आणि क्वायरमध्ये तिची स्थिती माझ्यापेक्षा वाईट. तिला सरळ स्वरावर सरळ जाताच यायचं नाही. दोन स्वरांमध्ये बारीकशी मुरकी, शेवटाला आस, कुठे कणस्वराचा स्पर्श. एकटीने गाताना त्याला कोणीही दाद दिली असती. इथे बाकीच्या दहा आल्टो थेट स्वरावर आणि ही वळसा घालून पोचणार, म्हणजे त्या ओळीला झालर लागल्यासारखी. तिने मला एकदा मधल्या सुट्टीत सांगितलं, "दहा वर्षं जे मिळवलं तेच रोज पुसतेय." ती चेष्टेने बोलत नव्हती, आणि मला वाटतं तिची तक्रार रास्त होती. क्वायर काही गोष्टी घेते, त्याबद्दल तिथे फारसं बोललं जात नाही. ती तीन वर्षं राहिली आणि मग सोडून गेली. ती सध्या एकटी गाते आणि फार चांगलं गाते.

तर त्या दिवशी, गट मोडून, गोल करून, ताईंनी फक्त एक कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी लागणारे वेगवेगळे स्वर, धरायला सांगितली. शब्द नाहीत, 'ऊ'. बेसचा सा, टेनरचा पंचम, आल्टोंचा गंधार, वर सोप्रानोंचा सा. अट एकच : दोन्ही बाजूंचे आवाज तुमच्या आवाजाइतके स्पष्ट ऐकू यायला हवेत. येत नसतील तर तुम्ही मोठ्याने गाताय. हे सांगायला सोपं आहे. आजूबाजूला आवाज असला की माणूस आपोआप आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये हे दाखवलं, आणि त्याचं नाव त्या सवयीला चिकटलं. क्वायरमध्ये चाळीस जण एकमेकांमुळे चढत जातात आणि दोन मिनिटांत सगळे ओरडत असतात. उलटं जायचं म्हणजे स्वतःच्या घशाशी भांडण. मी इतका हळू आलो की माझा आवाज मला कानाऐवजी छातीत कळायला लागला.

कॉर्ड बरी वाटत होती. ताईंनी आल्टोंकडे बघून अंगठा आणि तर्जनी यांच्यात तांदळाएवढं अंतर दाखवलं आणि हात किंचित खाली नेला. गंधार थोडा उतरवा. पियानोवरून शिकलेला गंधार हा पियानोचा असतो. तिथे सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले आहेत, त्यामुळे तो शुद्ध गंधारापेक्षा चढा पडतो. अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले तर त्यातले साधारण १४. हार्मोनियमवर तानपुऱ्यासोबत गाणाऱ्यांना ही खटकणूक ठाऊक असते. आल्टो खाली आल्या. अजून थोड्या. आणि मग एकदम काहीतरी बसलं. आवाज वाढला, कुणीही जोर न लावता. खोलीच्या वरच्या बाजूला, कुणाच्याच तोंडातून न निघालेला एक पातळ सूर घुमायला लागला, तानपुऱ्याची जवारी लागल्यावर घुमतो तसा. आमच्या सा मध्ये तो गंधार आधीपासून दडलेला असतो. आल्टोंचा नेमका त्याच्यावर पडला की दोन्ही उजळतात.

गोलातले अर्धे जण हसायला लागले आणि कॉर्ड मोडली. माझ्या हातावर काटा होता. चौदा बारच्या त्या एका सा बद्दल मी पुन्हा कुरकुर केली नाही. खोटं कशाला, दोनदा केली.

श्वासाचं प्रकरण मात्र मला सगळ्यांत आवडलं. लांबच लांब ओळ असते, कुणाच्याच दमात मावणार नाही अशी, आणि ऐकणाऱ्याला ती अखंड हवी असते. त्यासाठी प्रत्येकाने वेगळ्या जागी श्वास चोरायचा. शेजारी घेईल तिथे नाही. ओळीच्या शेवटी नाही, कारण तिथे सगळ्यांनाच मोह होतो. शब्दाच्या मध्ये, लांब स्वराच्या पोटात, आवाज हळूहळू कमी करत बाहेर पडायचं, श्वास घ्यायचा, आणि तसंच पाऊल न वाजवता परत यायचं. परतताना शब्द पुढे गेला असेल तर मधल्या व्यंजनावर आदळायचं नाही, पुढच्या स्वरात शिरायचं. बाहेर असलेल्या त्या दीड सेकंदात मी पहिल्यांदा आमचं गाणं ऐकलं. माझ्याशिवाय ते चालूच होतं आणि मी परत शिरलो तेव्हा कुणाला कळलं नाही.

कुणीतरी एकदा वाचून आलं की क्वायरमध्ये गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके एकमेकांशी जुळतात. स्वीडनमध्ये गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये अठरा वर्षांच्या मुलामुलींवर हे मोजलं होतं. श्वासाबरोबर हृदयाची गती थोडी वरखाली होते, आणि गाणं सगळ्यांना एकाच वेळी श्वास घ्यायला लावतं, म्हणून. दादा शांतपणे म्हणाला, "म्हणजे आपण चोरून घेतो तेव्हा आपलं कुणाशीच जुळत नाही." त्या दिवशीचं त्याचं एकूण बोलणं हे एवढंच होतं.

एकदा आम्हाला एस्टोनियाच्या गीतमहोत्सवाचं चित्रण दाखवलं. १८६९ पासून चालत आलेला, हजारो जणांचा क्वायर एका प्रचंड कमानीखाली, आणि हाताने ताल देणारा संचालक समोर उंच मचाणावर. आपल्याकडेही मोठ्या मनाने सुरू झालेली मंडळं आहेत, संगीतकार सलील चौधरींनी १९५८ मध्ये मुंबईत काढलेलं, गायिका रुमा गुहा ठाकुरता यांनी त्याच वर्षी कलकत्त्यात. पण ताईंनी ते चित्रण दाखवलं ते इतिहासासाठी नाही. त्यांनी विचारलं, इतक्या लांबच्या टोकाचा माणूस ताल कसा ठेवतो? आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे चौतीस मीटरवरच्या माणसाचा सूर माझ्यापर्यंत सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा येतो. त्याला ऐकून गायलो तर मी मागे पडणार, माझं ऐकणारा आणखी मागे. तिथे ऐकून चालत नाही, हाताकडेच बघावं लागतं. "सुरासाठी कान, तालासाठी डोळे," त्या म्हणाल्या, आणि आमची डोकी फोल्डरमधून वर यावीत म्हणून त्या दिवसापासून मधूनच बोट नाकावर ठेवायला लागल्या. बघणारे नाकावर बोट ठेवायचे. मी दोन महिने एकदाही ठेवलं नाही, कारण मला हा खेळ चालू आहे हेच माहीत नव्हतं.

बारीकसारीक गोष्टी तर किती. शब्दाच्या शेवटचा 'स' चाळीस जणांनी म्हटला तर साप निघाल्यासारखं वाटतं, म्हणून तो फक्त तिघांनी म्हणायचा, बाकीच्यांनी गिळायचा. ते तीन जण ठरलेले असत आणि त्यांना त्याचा अभिमान असे. 'आ' प्रत्येकाचा वेगळा असतो, आणि सूर अगदी जुळूनही 'आ' जुळला नाही तर कॉर्ड मळकट लागते. एक संपूर्ण तालीम आम्ही 'आ' म्हणण्यात घालवली आहे.

कार्यक्रम पाच महिन्यांनी होता. काळे कपडे, फोल्डर डाव्या हातात, गुडघे ताठ करायचे नाहीत, कारण ताठ गुडघ्यांनी दिव्यांखाली उभं राहिलं की कुणीतरी चक्कर येऊन पडतंच. आमच्यातलं कुणी पडलं नाही. आमचा सूर पडला.

चौदा बारच्या सा चं तेच गाणं. पांढरी दोनमध्ये सुरू, पहिली दोन कडवी पियानोशिवाय, तिसऱ्याला पियानो येणार. एकच स्वर पुन्हा पुन्हा म्हणताना तो दर वेळी केसभर खाली बसतो. श्वासाचा आधार सैलावतो, मन दुसरीकडे जातं. म्हणून तालमीत आम्हाला बजावलेलं असायचं की एकच स्वर म्हणजे दर वेळी नव्याने, किंचित वरून ठेवायचा. मंचावर दिवे होते, छाती धडधडत होती, आणि आम्ही सातही जण तो स्वर प्रेमाने खाली बसवत होतो. बेस उतरला की वरचे सगळे निमूट उतरतात, कारण कान सगळ्यांचे चांगले झालेले असतात. गोलात शिकलेलं इथे अंगाशी आलं. सगळे एकमेकांशी उत्तम जुळलेले, आणि सगळे मिळून खाली चाललेले.

मला कळलं नाही. ताईंना कळलं. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर त्यांनी उजव्या हाताने ताल चालू ठेवून डाव्या हाताची तर्जनी वर दाखवायला सुरुवात केली : चढवा, चढवा. आम्ही भुवया वर नेल्या. सूर होता तिथेच राहिला. दुसरं कडवं संपलं तेव्हा आम्ही जवळजवळ काळी एकमध्ये, म्हणजे अर्धा स्वर खाली, होतो. पियानोवाल्याने हात पट्ट्यांवर ठेवलेले, त्याची पांढरी दोन तयार. त्या क्षणी ताईंनी डावा पंजा उघडून त्याच्याकडे केला, रस्त्यावर गाडी थांबवतात तसा, आणि त्याने हात मांडीवर घेतले. मग त्यांनी आमच्याकडे वळून, चेहऱ्यावर काहीही न दाखवता, तिसऱ्या कडव्याचा श्वास दिला.

पियानो नाही, हे कळायला मला अर्धा बार लागला. तिसऱ्या कडव्यात आमची ओळ वेगळी होती, तिथे बेसला पहिल्यांदा चाल होती, आणि ती आम्ही कायम पियानोच्या आधाराने म्हटलेली. दादा त्या दिवशी माझ्या शेजारी नव्हता. ओळीत उंचीप्रमाणे उभं केलं होतं आणि तो टोकाला गेला होता. माझ्या बाजूला नवीन आलेला मुलगा, चौदा वर्षांचा, आवाज अर्धवट फुटलेला. त्याच्यासाठी ताईंनी बेस आणि टेनरच्या मधून पाच स्वरांत मावेल अशी वेगळी ओळ लिहून दिली होती. दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज चिरकला. तो गप्प झाला, आणि मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, त्याने तोंड मिटलं. हलवलं नाही. दोन बार तो ऐकत उभा राहिला. मग त्याने माझा सूर घेतला, तसाच, मी दादाचा घ्यायचो तसा, पाव सेकंदाने मागून. तेव्हा मला सूर सोडून चालणार नव्हतं.

गाणं संपलं. टाळ्या व्यवस्थित पडल्या. प्रेक्षकांतल्या कुणालाही काही कळलं नव्हतं, आमच्या घरच्यांना तर नाहीच. मागे गेल्यावर ताई फक्त बेसकडे बघून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी अर्धा तास आधी. सातही जण." आठवा तो लहान मुलगा तर आपणहून आला.

आता या गोष्टीला तीन वर्षं झाली. वर्षाने परत बघू म्हणालेल्या ताईंनी खरंच बघितलं. माझा आवाज आणखी दोन स्वर खाली गेला होता आणि पेन्सिलीचं 'बेस' पेनाने झालं.

त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण सगळ्यांना मिळालं. आईने ते घरी दोनदा लावलं. डोळे मिटून ऐकत होती, मला शोधत. दुसऱ्यांदा संपल्यावर म्हणाली, "छानच झालंय. पण यात तू कुठे आहेस ते काही कळत नाही मला."

"दुसऱ्या कडव्यात सूर उतरायला लागतो ना," मी म्हटलं, "तिथे."